मॉड केलेल्या कन्सोलला ऑनलाइन बंदी: बरोबर आहे, पण कुठपर्यंत?

५ जून २०२५ ला निन्टेन्डोचा स्विच २ बाजारात आला. अमेरिकेत किंमत ४४९.९९ डॉलर. लोकांनी रांगा लावून तो घेतला, आणि महिना संपायच्या आत काहींच्या स्क्रीनवर एरर कोड २१२४-४५०८ झळकला. मशीन चालू, बॅटरी फुल, वायफाय उत्तम. पण निन्टेन्डोच्या सर्व्हरने त्या मशीनला दार उघडायचं बंद केलं होतं.

या लोकांनी मिग स्विच नावाचं एक कार्ट्रिज वापरलं होतं. दिसायला ते स्विचच्या साध्या गेम कार्डसारखंच असतं. फरक एवढाच की आत मेमरी कार्ड बसतं आणि त्यावर बऱ्याच गेमच्या कॉपी ठेवता येतात. काहींचं म्हणणं होतं, ‘आम्ही स्वतः विकत घेतलेल्या गेमचीच कॉपी ठेवली होती, चोरी कसली?’ सर्व्हरला हा युक्तिवाद ऐकू येत नाही.

याच्या महिनाभर आधी, मे २०२५ मध्ये, निन्टेन्डोने आपला वापराचा करार बदलला होता. त्याच्या अमेरिकेतल्या मसुद्यात एक नवी ओळ आली. तिचा अर्थ असा: नियम मोडलेत तर आम्ही तुमचं खातं किंवा ते मशीन पूर्णतः वा अंशतः कायमचं निरुपयोगी करू शकतो. गेमिंगच्या भाषेत याला ‘ब्रिक करणं’ म्हणतात, म्हणजे मशीनची वीट करणं. जूनमधल्या लोकांच्या मशीनची वीट झाली नाही, त्यांचं फक्त ऑनलाइन बंद झालं. पण करारात तशी सोय करून ठेवलेली आहे.

तेव्हापासून वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, मॉड केलेले कन्सोल ऑनलाइन नकोतच. दुसरी म्हणते, पैसे मी मोजले, मशीन माझं, मी त्याचं काहीही करीन. मला दोन्ही अर्धी अर्धी बरोबर वाटतात. माझं मत आधीच सांगतो: ऑनलाइन सामन्यातून मॉड केलेलं मशीन बाहेर ठेवणं योग्य आहे. पण ती बंदी त्या सामन्याच्या दारातच थांबायला हवी. तुमच्या घरात शिरली की तो नियम राहत नाही, ती शिक्षा होते. आणि ही शिक्षा ठरवणारा, देणारा आणि अपील ऐकणारा एकच असतो.

आता हे टप्प्याटप्प्याने पाहू.

सर्व्हरला नक्की काय दिसतं?

मी कामावर सर्व्हरचा कोड लिहितो. आमच्या धंद्यातला पहिला धडा असा: समोरचं मशीन जे सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा नाही. तुमच्या हातातलं उपकरण शेवटी तुमच्या ताब्यात आहे. तुम्ही त्याच्याकडून काहीही वदवून घेऊ शकता.

कन्सोल कंपन्यांनी यावर एक उपाय काढला. कारखान्यातच प्रत्येक मशीनमध्ये एक वेगळं डिजिटल प्रमाणपत्र टाकायचं. ते त्या मशीनचं ओळखपत्र. ऑनलाइन जाताना मशीन ते दाखवतं, सर्व्हर तपासतो आणि मग आत घेतो. म्हणून स्विचवरची बंदी बहुतेक वेळा खात्यावर नसते, मशीनवर असते. तुमचं खातं दुसऱ्या मशीनवर चालेल, पण बंदी आलेल्या मशीनवर कुणीही लॉगिन केलं तरी ते अडणार.

स्विचच्या गेम कार्डांमध्येही असंच प्रत्येकी वेगळं प्रमाणपत्र असतं. मिग स्विचसारख्या वस्तू पकडल्या जातात त्या इथे. समजा एका कार्डाची कॉपी दहा जणांनी वापरली. एकाच कार्डाचा नंबर एकाच वेळी पुण्यातून आणि ओसाकातून सर्व्हरवर आला, तर निदान एक तरी खोटं आहे एवढं नक्की. खरं कुठलं, हे मात्र सर्व्हरला त्यावरून कळत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कंपन्या बंदीवर इतकी भिस्त का ठेवतात, यालाही तांत्रिक कारण आहे. एप्रिल २०१८ मध्ये पहिल्या स्विचच्या एनव्हिडिया टेग्रा एक्स१ चिपमधली एक त्रुटी जाहीर झाली, ‘फ्युझे जेले’ नावाची. ती बूट रॉममध्ये होती. मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा कोड म्हणजे बूट रॉम. तो चिपमध्ये कायमचा कोरलेला असतो, अपडेट पाठवून बदलता येत नाही. नंतर बनलेल्या मशीनमध्ये दुरुस्ती झाली, पण तोवर विकलेली लाखो मशीन तशीच राहिली. घराचं कुलूप बदलता येत नसेल तर सोसायटीच्या गेटवर वॉचमन बसवायचा, त्यातला हा प्रकार.

मॉडिंग हा एकच शब्द, पण गोष्टी चार

या वादातला बराचसा गोंधळ इथूनच येतो. ‘मॉड’ म्हटलं की कुणाच्या डोक्यात चीटर येतो, कुणाच्या पायरसी, कुणाच्या आपली जुनी पीएस२. वेगवेगळं करून बघू.

पहिला प्रकार पायरसीसाठीचा. आपल्याकडे पीएस२ च्या काळात चिप बसवलेलं मशीन हाच नेम होता, चिप न बसवलेलं मशीन शोधावं लागे. शंभर-दीडशे रुपयांत कॉपी केलेली डीव्हीडी मिळायची. एक्सबॉक्स ३६० वरही डीव्हीडी ड्राइव्हचं फर्मवेअर बदलण्याची पद्धत चालायची. बदललेला ड्राइव्ह मशीनला खोटंच सांगायचा की डिस्क अस्सल आहे. गंमत अशी की यातून गेमच्या कोडमध्ये काहीच बदलता येत नव्हतं, कारण कोडवरची सही मशीन स्वतः तपासायचं. म्हणजे असा माणूस गेम फुकट खेळत होता, पण सामन्यात तुमच्याइतकाच बरोबरीचा खेळाडू होता.

दुसरा प्रकार चीटिंगसाठीचा. त्याच एक्सबॉक्स ३६० वर जेटॅग नावाची दुसरी पद्धत होती. तिच्यामुळे सही नसलेला कोणताही कोड चालवता यायचा. कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २ च्या मॉडेड लॉब्या आठवत असतील, कुणी हवेत उडतंय, कुणाला गोळीच लागत नाही. त्या अशा मशीनवरून चालायच्या. प्रामाणिकपणे खेळणाऱ्यांची संध्याकाळ वाया जायची ती या लोकांमुळे.

तिसरा प्रकार, स्वतःचे प्रोग्राम चालवण्यासाठीचा, ज्याला होमब्रू म्हणतात. जुन्या मशीनवर लिनक्स टाकणं, सेव्ह फाइलचा बॅकअप घेणं, स्वतः लिहिलेला गेम चालवणं. स्विचवरच्या काही गेमना निन्टेन्डोचं क्लाउड सेव्ह लागू नाही, स्प्लॅटून २ हा त्यातलाच एक. दोनशे तासांची प्रगती मशीनसोबत बुडू नये म्हणून कुणी बॅकअपचा प्रोग्राम चालवला, तर त्याने सामन्यात कुणाचं काय बिघडवलं?

चौथा प्रकार दुरुस्तीचा आणि जतन करण्याचा. निन्टेन्डोने ३डीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद केलं आणि एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन खेळही थांबवला. आता त्या मशीनवर कुणी मॉड करून हौशी मंडळींच्या सर्व्हरला जोडून खेळत असेल, तर बंदी कशावर घालणार? अधिकृत ऑनलाइनच उरलेलं नाही.

या चौघांपैकी फक्त दुसरा प्रकार दुसऱ्या खेळाडूचं थेट नुकसान करतो. पहिला प्रकार गेम बनवणाऱ्यांचे पैसे बुडवतो, तो गुन्हा आहे आणि त्यासाठी कायदा आहे. तिसऱ्या-चौथ्याने कुणाचंच काही बिघडत नाही. बंदीचं बटण मात्र एकच आहे, आणि ते चौघांवरही तेवढ्याच जोरात पडतं.

बंदीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा

तरीही ऑनलाइन सामन्यात मॉड केलेलं मशीन नको, असं मी का म्हणतो? कारण हा फरक तुम्हाला-मला कळतो, सर्व्हरला कळत नाही.

मशीन एकदा खुलं झालं की त्यावर चाललेला प्रोग्राम सेव्हचा बॅकअप घेतोय की निशाणा आपोआप लावतोय, हे सर्व्हरला खात्रीने सांगता येत नाही. खुलं मशीन सर्व्हरला म्हणू शकतं, ‘मी एकदम सरळ आहे.’ त्याच्या शब्दाला किंमत उरलेली नसते.

जुलै २०१८ मध्ये स्प्लॅटून २ च्या क्रमवारीत कुणीतरी वरच्या चार जागा बळकावल्या आणि खेळाडूंच्या नावांच्या जागी मिळून एक वाक्य लिहिलं, की कृपया चीटिंगविरोधी यंत्रणा बसवा. बक्षिसासाठी किंवा मिरवण्यासाठी केलेली घुसखोरी ती नव्हती, तक्रार होती. पण त्यातून एक गोष्ट उघडी पडली: अनेक गेम खेळाडूच्या मशीनने सांगितलेलं खरं मानून चालतात. ‘माझी गोळी लागली’ असं मशीन म्हणालं की लागली.

दहा जणांच्या सामन्यात एक खोटं मशीन आलं की बाकीच्या नऊ जणांचा वेळ फुकट जातो. त्यांनीही पैसे भरलेत. मशीन तुमचं असेल, पण तो सामना तुमच्या एकट्याचा नाही. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये बॅट तुमची असली तरी आऊट-नॉटआऊट तुम्ही एकट्याने ठरवत नाही. म्हणून सर्व्हरने दारात ओळखपत्र तपासणं, आणि खुलं मशीन असेल तर ‘या सामन्यात नाही’ म्हणणं, हे मला रास्त वाटतं.

पण यालाही एक ‘पण’ आहे. कंपन्यांसाठी बंदी ही स्वस्त वाट आहे. खरं उत्तर महाग आहे: गेमचे निर्णय खेळाडूच्या मशीनवर न सोडता सर्व्हरवर घ्यायचे. गोळी लागली का, माणूस इतक्या वेगाने पळू शकतो का, हे सर्व्हरनेच ठरवायचं. २०२० मध्ये आलेल्या व्हॅलोरंटमध्ये रायट गेम्सने आणखी एक पाऊल टाकलं. भिंतीआडचा शत्रू कुठे आहे ही माहितीच सर्व्हर तुमच्या मशीनला पाठवत नाही, तो दिसायची वेळ येईपर्यंत. जी माहिती मशीनमध्ये आलीच नाही ती चोरणार कशी? यासाठी सर्व्हर जास्त लागतात, खर्च होतो, लॅग सांभाळावा लागतो. म्हणून बरेच गेम हे टाळतात आणि सगळा भार ओळखपत्र तपासण्यावर टाकतात.

आणि ओळखपत्र तपासून चीटिंग थांबतं असंही नाही. क्रोनस झेन नावाचा एक छोटा डबा मिळतो. तो कंट्रोलर आणि कन्सोल यांच्यामध्ये लावायचा. कन्सोलला हातही लागत नाही, पण बंदुकीचा झटका आपोआप सावरला जातो. म्हणजे मशीन शंभर टक्के अस्सल आणि खेळाडू मात्र चीटर. यावर उपाय म्हणून २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने परवाना नसलेले कंट्रोलर आणि इतर जोडण्या एक्सबॉक्सवर अडवायला सुरुवात केली. त्यात फायटिंग गेमचे खास कंट्रोलर वापरणारे चिंतेत पडले, आणि ज्यांना साधा कंट्रोलर हातात धरता येत नाही असे दिव्यांग खेळाडूही. जाळं मोठं टाकलं की नको ते मासेही अडकतात.

बंदी कुठे हाताबाहेर जाते

नोव्हेंबर २००९. मॉडर्न वॉरफेअर २ येण्याच्या सुमारास मायक्रोसॉफ्टने मॉड केलेल्या एक्सबॉक्स ३६० मशीनवर मोठी बंदी आणली. कंपनीने नेमका आकडा सांगितला नाही, बातम्यांत दहा लाखांपर्यंतचे अंदाज आले. बंदी आलेली मशीन थोड्याच दिवसांत ऑनलाइन बाजारात स्वस्तात विकायला आली. म्हणजे ज्याने मॉड केलं त्याने पैसे काढून घेतले, आणि बंदी आली ती दुसऱ्याच्या घरी.

२०२५ मध्ये हेच पुन्हा दिसलं. एका खेळाडूने सेकंड हँड गेम कार्डं घेतली, ती नव्या स्विच २ मध्ये घातली आणि मशीनवर बंदी आली. आधीच्या मालकाने कार्डाची कॉपी काढून ठेवली असणार, असा अंदाज होता. मघाशी म्हटलं ना, एकाच नंबरची दोन कार्डं दिसली तर खरं कुठलं हे सर्व्हरला कळत नाही. इथे अस्सल कार्ड ज्याच्या हातात होतं त्यालाच फटका बसला. त्या खेळाडूने जाहिरातीचे आणि कार्डांचे फोटो ग्राहक सेवेला दाखवले तेव्हा बंदी उठली. सुटला बिचारा. पण बघा, आरोप सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर नव्हती, निर्दोष असल्याचा पुरावा ग्राहकाने द्यायचा होता.

दुसरी अडचण ‘ऑनलाइन’ या शब्दाची. २००९ मध्ये ऑनलाइन बंदी म्हणजे मुख्यतः इतरांसोबत खेळता येणार नाही. डिस्क घातली की गेम घरी चालायचा. आता स्विच २ चे बरेच गेम ‘गेम-की कार्ड’ म्हणून विकले जातात. त्या कार्डात गेम नसतोच, फक्त किल्ली असते. पहिल्यांदा घालताना गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो. अशा वेळी एखाद्या मशीनला सर्व्हरपासून तोडलं, तर दुकानातून पैसे देऊन आणलेलं कार्ड म्हणजे नुसता प्लास्टिकचा तुकडा. डिजिटल दुकानातून घेतलेल्या गेमचंही तेच. एकट्याने, घरात, कुणाशीही स्पर्धा न करता खेळायचा गेमही अडतो. सामन्याचं रक्षण करण्याशी याचा काय संबंध?

तिसरी अडचण: नियम बदलणारी कंपनी असते. पीएस३ विकताना सोनीने स्वतः त्यावर लिनक्स टाकायची सोय दिली होती, ‘अदर ओएस’ नावाने. अमेरिकी हवाई दलाने १,७६० पीएस३ जोडून कॉन्डोर क्लस्टर नावाचा सुपरकॉम्प्युटर उभा केला तो याच काळात. मग १ एप्रिल २०१० ला फर्मवेअर ३.२१ आलं आणि सोय काढली गेली. अपडेट घेतलं तर लिनक्स गेलं. नाही घेतलं तर प्लेस्टेशन नेटवर्क गेलं. ज्यांनी काहीही मॉड केलेलं नव्हतं, कंपनीने दिलेली सोयच वापरली होती, त्यांना दोन्हीपैकी एक सोडावं लागलं. अमेरिकेत ग्राहकांनी खटला भरला आणि शेवटी सोनीला तडजोड करून पैसे द्यावे लागले. पण त्यात वर्षं गेली.

आणि शेवटी ती वीट. सामन्यातून बाहेर काढणं वेगळं आणि मशीनच मारून टाकणं वेगळं. तिकीट नसेल तर टीसी तुम्हाला दंड करतो, गाडीतून उतरवतो. तुमची बॅग जाळत नाही. ब्राझीलमधल्या साओ पावलो राज्याच्या ग्राहक संरक्षण संस्थेने, प्रोकॉनने, निन्टेन्डोच्या या कलमावर आक्षेप घेतला, तो याच मुद्द्यावर.

एक उपरोधाची गोष्ट सांगतो. पायरसीची साधनं विकून पैसे कमावणाऱ्या टीम एक्झिक्युटर या टोळीने स्विचसाठी एसएक्स ओएस नावाचं सॉफ्टवेअर विकलं. २०१८ मध्ये संशोधकांनी ते उघडून पाहिलं तर आत मशीनची मेमरी कुलूपबंद करणारा कोड सापडला. कुणी त्यांचं सॉफ्टवेअर तपासायचा प्रयत्न केला तर मशीन बंद पाडायची तजवीज होती. म्हणजे दुसऱ्याच्या मशीनची वीट करण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो.

आपल्याकडे कन्सोल कमी, मग याचा विचार का करायचा?

हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे स्विच नसेल. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे स्विच विकतही नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जो मिळतो तो बाहेरून आलेला. त्यामुळे त्यावर बंदी आली तर दाद मागायची कुणाकडे, हा पहिलाच प्रश्न.

पण खिशातला फोन बघा. तिथे हीच यंत्रणा चालू आहे. अँड्रॉइडवर गुगलची प्ले इंटेग्रिटी नावाची सेवा आहे. बँकेचं ॲप, यूपीआयचं ॲप किंवा एखादा गेम तिला विचारतो, ‘हा फोन मूळ स्थितीत आहे का?’ फोन रूट केलेला असेल किंवा बूटलोडर उघडलेला असेल तर उत्तर नकारार्थी येऊ शकतं, आणि ॲप चालायला नकार देतं. बीजीएमआयसारख्या गेममध्ये चीटिंगसाठी खात्याबरोबर फोनवरही बंदी येते, हे खेळणाऱ्यांना माहीत आहेच.

इथेही तोच पेच आहे. कंपनीने अपडेट देणं थांबवलेला चार-पाच वर्षं जुना फोन घ्या. त्यावर लिनिएज ओएस टाकलं तर सुरक्षेचे नवे पॅच मिळतात. फोन आधीपेक्षा सुरक्षित होतो, पण तपासणीत नापास होऊ शकतो. आणि शेजारचा, वर्षानुवर्षं अपडेट न मिळालेला पण मूळ स्थितीतला फोन पास होऊ शकतो. यंत्रणा ‘सुरक्षित आहे का’ यापेक्षा मुख्यतः ‘कंपनीने दिला तसाच आहे का’ हे तपासते. दोन्हीत फरक आहे.

कायदा काय म्हणतो? आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. कॉपीराइटचं उल्लंघन करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. इथे ‘हेतू’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कायदा कुलूप तोडण्यामागचं कारण विचारतो. सर्व्हर विचारत नाही. तसंच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही कल्पना आहे. रास्त कारणाशिवाय एका बाजूला एकतर्फी करार संपवायची मुभा देणारी अट त्यात बसते. ‘मी सहमत आहे’ वर टिचकी मारली म्हणजे सगळं संपलं, असं आपला कायदा मानत नाही.

मग नियम कसा हवा?

माझ्या मते पाच गोष्टी हव्यात, आणि पाचही आजच्या तंत्रज्ञानात शक्य आहेत.

१. बंदी स्पर्धेपुरती. क्रमवारीचे आणि अनोळखी लोकांसोबतचे सामने बंद करा. घेतलेले गेम पुन्हा उतरवणं, सुरक्षेचे अपडेट आणि एकट्याने खेळणं चालू ठेवा.

२. परतीची वाट. मशीन पुन्हा मूळ स्थितीत आणलं तर पुन्हा आत घ्या. हे जमतं, याचं उदाहरण एक्सबॉक्सच आहे. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये एक्सबॉक्स वनला डेव्हलपर मोड दिला. नोंदणी केली की तुम्ही स्वतःचे प्रोग्राम त्याच मशीनवर चालवू शकता. त्या मोडमध्ये दुकानातले गेम चालत नाहीत. रीस्टार्ट करून नेहमीच्या मोडमध्ये आलात की सगळं पूर्ववत. एकाच घरात दोन खोल्या, मधलं दार पक्कं. होमब्रूवाल्यांना त्यांची खोली मिळाली की कुलूप फोडायचं अर्धं कारणच संपतं.

३. आरोप स्पष्ट सांगा. नुसता एरर कोड पुरेसा नाही. मशीनवर बंदी की कार्डावर, कोणत्या तारखेची, कशामुळे, हे लिहून द्या. चीटिंग पकडायची पद्धत गुप्त ठेवा, हरकत नाही. आरोप गुप्त ठेवू नका.

४. माणसाने ऐकलेलं अपील. दुसऱ्या मालकाने बिल दाखवलं तर त्याची बाजू ऐकली जावी, आणि ते ग्राहक सेवेतल्या कुणाच्या मर्जीवर अवलंबून नसावं.

५. वीट नाही. सर्व्हर कंपनीचा आहे, तिथे कुणाला घ्यायचं ते तिने ठरवावं. मशीन विकलं, पैसे घेतले, तर ते बंद पाडायचा अधिकार तिच्याकडे राहू नये.

हे होईपर्यंत आपण काय करायचं? सेकंड हँड कन्सोल घेताना दुकानातच फोनच्या हॉटस्पॉटला जोडा, ऑनलाइन स्टोअर उघडून बघा, शक्य तर एखादा फुकट गेम उतरवून बघा. नुसतं चालू करून, चार्ज होतंय बघून पैसे देऊ नका. मशीनचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या. वापरलेली गेम कार्डं ओळखीच्या ठिकाणाहून घ्या आणि विकणाऱ्याशी झालेलं चॅट जपून ठेवा. जुना फोन घेतानाही हेच: यूपीआय ॲप उघडतंय का ते आधी बघा, मग सौदा करा. आणि मॉड करायचंच असेल तर ज्या मशीनवर तुम्ही ऑनलाइन खेळता ते नको, त्यासाठी वेगळं जुनं मशीन ठेवा.

चीटरला सामन्याबाहेर काढा, यात दुमत नाही. मला चिंता आहे ती सवयीची. आज गेमच्या कन्सोलवर ‘विकलेली वस्तूही आमचीच’ हे आपण निमूट मान्य केलं, तर उद्या फोन, टीव्ही आणि गाडीच्या करारात तीच ओळ येईल, आणि तेव्हा ती जुनी झालेली असेल.